न झालेल्या गोलांचा हिशेब

फुटबॉलच्या खेळात एक मोठी विचित्र गोष्ट आहे. समोरच्याच्या जाळ्यात चेंडू घालणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक टाइपात येते, आणि चुकून आपल्याच जाळ्यात चेंडू घालणाऱ्याचे नावही तितक्याच ठळक टाइपात येते. पण जो नव्वद मिनिटे मागे उभा राहून चेंडू अडवीत असतो, परतवीत असतो, बाहेर घालवीत असतो, त्याने आपले काम चोख केले तर त्याचे नाव कोठेच येत नाही. मैदानावर त्याला ‘बॅक’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘बचावपटू’ म्हणतात. या बॅकचा न्याय कसा करावा, आणि तो करण्याचा अधिकार आपल्याला, म्हणजे लांबून पाहणाऱ्यांना, कितपत आहे, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. फराळाचे ताट पुढे असताना असला प्रश्न कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीत घरोघर पाहुणे जमतात, टी. व्ही. लागलेला असतो, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता आपण कितीजणांना नालायक ठरवून मोकळे होतो! तेव्हा हा प्रश्न अगदीच अवेळी नसावा.

तो माझ्या मनात आला एका सामन्यावरून. २७ जून २०२३ ची रात्र. बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर ‘सॅफ’ स्पर्धेत, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत, भारत आणि पाहुणा म्हणून बोलावलेला कुवेत यांचा सामना होता. मध्यंतराच्या उंबरठ्यावर सुनील छेत्रीने गोल केला आणि ती आघाडी भारताने सामना संपेपर्यंत टिकवून धरली. संपेपर्यंत म्हणजे जवळजवळ संपेपर्यंत. नव्वद मिनिटे होऊन गेली होती, वरची दोन-चार मिनिटे चालू होती. बाजूने चेंडू आत आला. अन्वर अली नावाचा बावीस वर्षांचा पंजाबी पोरगा तो बाहेर घालवायला गेला, आणि पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात शिरला. एक-एक अशी बरोबरी झाली. हातात आलेला विजय गेला.

आमचे कुर्डुवाडी हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. फुटबॉलसाठी कोल्हापूरला जावे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात आणि विश्वचषक आला की गल्लीच्या एका टोकाला ब्राझीलचा नि दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाचा झेंडा लागतो. आमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डी. पण आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि शाळेतल्या पोरांना माद्रिदच्या संघाची नावे पाठ असतात. तालुक्यातल्या गावांची नसतात, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी, आषाढी एकादशीला एकच दिवस उरला होता. स्टेशन वारकऱ्यांनी भरून गेले होते, आणि त्या गर्दीतही चहाच्या गाड्यावर त्या गोलाची चर्चा चालली होती. एकजण म्हणाला, “काढून टाका त्याला. देशाची अब्रू घालवली.” दुसरा जरा दयाळू होता. तो म्हणाला, “पोरगं कोवळं हाय, एवढ्या मोठ्या सामन्यात घालायचंच कशाला?” तिसऱ्याने चहाचा कप ठेवता ठेवता निकाल दिला, “मागं उभं राहायचं तर काळीज लागतं. त्याला काळीजच नाही.”

ही तीन मते मी मुद्दाम सांगतो आहे. देशभरातल्या चाहत्यांची मते पाहिली तर ती फिरून फिरून या तिघांतच येऊन बसतात.

पहिल्या मताचा विचार करताना मला आमच्या शेजारच्या काकांची आठवण होते. कुर्डुवाडी रेल्वेवर उभे राहिलेले गाव. बार्शी लाईटची नॅरो गेज इथून जात असे, मोठी लाइन वेगळी, कारखाना वेगळा, आणि गावातल्या निम्म्या घरांतला कोणीतरी रेल्वेत. काका जुने पॉइंट्समन, ज्याला मराठीत सांधेवाला म्हणत. एकदा मी त्यांना सहज विचारले, “काका, इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी शाबासकी मिळाली का?” ते हसले. म्हणाले, “गुरुजी, गाडी बरोबर रुळावर गेली म्हणून कुणी शाबासकी देत नसतं. ती जायचीच असते. उलटी गेली तर मात्र माझं नाव पार मुंबईपर्यंत कळलं असतं.” काकांच्या हातून किती गाड्या बरोबर गेल्या याची नोंद कोठे नाही. ज्या टकरी झाल्या नाहीत त्यांची नोंद कोण ठेवणार?

बॅकचे काम हे सांध्यावरचे काम आहे. त्याची सारी कर्तबगारी ‘न झालेल्या’ गोष्टींत असते. आणि न झालेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हा माणसाच्या डोळ्यांचा दोष आहे. केवळ फुटबॉल पाहणाऱ्यांचा नव्हे. घरात साथ आली नाही याचे श्रेय पाणी उकळणाऱ्या आईला कोणी देत नाही. धरण फुटले नाही म्हणून कोणी इंजिनिअरला हार घालीत नाही. आपल्या इतिहासात रोखून धरणारे पुष्कळ झाले असतील, पण १६६० ची खिंड आठवते ती बाजीप्रभू तिथे पडले म्हणून, आणि १६६५ चा पुरंदर आठवतो तो मुरारबाजी पडले म्हणून. ज्यांनी खिंड रोखली आणि रात्री सुखरूप घरी येऊन भाकरी खाल्ली, त्यांची नावे बखरीत सापडायची नाहीत.

आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचेच पाहा. गडी बॅक. त्याचे नाव सगळीकडे झाले ते १७ मार्च २०१९ ला, इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, एकशे सतराव्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल केला आणि बंगळुरूने गोव्याला हरवले तेव्हा. म्हणजे ज्या कामासाठी त्याला ठेवले होते ते सोडून त्याने दुसरेच काम केले, तेव्हा आम्ही त्याला ओळखले! त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोह्यात भारताची गाठ कतारशी पडली. कतार म्हणजे त्या वेळचा आशियाचा विजेता. पाच दिवसांपूर्वी ओमानने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल करून आपल्याला हरवले होते, आणि आता तर छेत्रीही आजारी. त्या रात्री मागे उभे होते राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई, चंडीगडचा संदेश झिंगन, आणि त्यांच्याही मागे गोलरक्षक गुरप्रीत. कतारने वीसहून अधिक वेळा चेंडू मारला. एकही आत गेला नाही. शून्य-शून्य. भारताच्या अलीकडच्या फुटबॉलमधली मला ती सर्वांत देखणी रात्र वाटते. पण शून्याचे पोवाडे कोण गातो?

आता त्या स्वतःच्या जाळ्यात गेलेल्या चेंडूकडे वळू. लोक त्याला ‘सेल्फ गोल’ म्हणतात आणि असे काही म्हणतात की जणू त्या पोराने ते मनात आणून केले. पण जरा मैदान डोळ्यांपुढे आणा. स्वतःवर गोल कोणाच्या हातून होतो? जो गोलाच्या तोंडाशी, चेंडूच्या वाटेत येऊन उभा राहिलेला असतो त्याच्याच हातून. ज्याने अंग चोरले, जो चार पावले उशिरा पोचला, ज्याने ‘दुसरा कोणी बघेल’ म्हणून चेंडूकडे पाठ केली, त्याच्या हातून असा गोल जन्मात व्हायचा नाही. त्याचा हिशेब कायम स्वच्छ! चेंडू आत गेला तरी तो कमरेवर हात ठेवून दुसऱ्याकडे पाहू शकतो. म्हणजे आपण ज्याला दोष म्हणतो तो पुष्कळदा कर्तव्याच्या जागी हजर राहिल्याचा पुरावा असतो. कचेरीत नाही का, ज्या कारकुनाच्या टेबलावर सगळ्या फायली येतात त्याच्याच चुका निघतात. जो दुपारभर चहाला गेलेला असतो त्याच्या चुका काढणार तरी कशातून?

याचा अर्थ चूक ही चूक नव्हेच, असे मला म्हणायचे नाही. मी मास्तर आहे. उत्तर चुकले तर त्यावर फुली मारावी लागते. ‘बाळ, तुझा हेतू चांगला होता’ म्हणून गुण देता येत नाहीत. अन्वरचा पाय चुकीचा पडला असेल तर तो चुकीचाच पडला. त्याच्या प्रशिक्षकाने तसे त्याला स्पष्ट सांगावे, दहा वेळा तोच चेंडू घालून त्याच्याकडून परतवून घ्यावा. पण फुली उत्तरावर मारायची असते, पोराच्या कपाळावर नव्हे. चहाच्या गाड्यावरचा पहिला गृहस्थ नेमकी ही गल्लत करीत होता.

दुसरे मत अधिक विचार करायला लावणारे आहे. कोवळ्या पोराला मोठ्या सामन्यात घालावे का? महाभारतातल्या अभिमन्यूची गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. त्याला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. तू वाट फोड, आम्ही पाठोपाठ येतो, असे सांगून युधिष्ठिराने त्याला पाठवले, आणि जयद्रथाने वाट अडवल्यावर पाठोपाठ कोणीच जाऊ शकले नाही. पण त्या गोष्टीतली एक बाब आपण विसरतो. संध्याकाळी अर्जुन परत आला तेव्हा त्याने जाब विचारला तो आपल्या भावांना. ‘पोरगं कच्चं होतं’ असे तो म्हणाला नाही. कोवळ्याला पुढे पाठवणे हे पाप नव्हे. पाठवल्याशिवाय कोवळा कधी निबर होणार? बॅकला तर हे अधिकच लागू. पुढे खेळणारा चुकला तर एक संधी वाया जाते, मागे खेळणारा चुकला तर फळ्यावर आकडा चढतो. म्हणजे त्याचे शिक्षणच असे की त्याची प्रत्येक चुकीची बेरीज सगळ्या जगाला वाचता येते. अशा पोराला पाठवायचे असेल तर त्या बेरजेतला आपला वाटा आपण उचलला पाहिजे. पाठवताना ‘आपला पोरगा’ आणि परतताना ‘तो कोण?’ हे चालणार नाही.

या अन्वर अलीला तर सतराव्या वर्षीच पाठवले होते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात पुढे खेळत होता आणि अन्वर मागे. दिल्लीत तीन सामने झाले, तिन्ही हरलो, नऊ गोल खाल्ले. त्या पोरांनी अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्यापुढे उभे राहण्याचे धाडस केले; तो आकडा धाडसाची फी समजावी.

आणि तिसरे मत. काळीज नाही म्हणे! ते वाक्य ऐकले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. त्या गृहस्थाला बिचाऱ्याला ठाऊक नव्हते की भारताच्या संघातल्या कोणाच्या काळजाची चिकित्सा झाली नसेल इतकी या एका पोराच्या काळजाची झाली होती. २०१९ साली त्याच्या हृदयाच्या स्नायूचा विकार असल्याचे निदान झाले. फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून थांबवले. वडीलधाऱ्यांची भीती पोकळ नव्हती. २६ जून २००३ ला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियाँ फोए फ्रान्समध्ये भर सामन्यात कोसळून गेला, तो याच जातीच्या विकाराने. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मैदानावरच गतप्राण झाला. तेव्हा थांबवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण ज्याचे सगळे आयुष्य एका चेंडूभोवती बांधलेले, त्या वीस वर्षांच्या पोराला ‘तू जगावास म्हणून तू खेळू नकोस’ असे सांगणे किती कठीण, आणि ते ऐकणे त्याहून किती कठीण! तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २०२१ मध्ये त्याची वाट मोकळी झाली, २०२२ च्या आरंभी तो गोव्याच्या संघाकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी भारताकडून. जून महिन्यात कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला.

स्वतःचा जीव किती पणाला लावावा हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा जीव त्याचाच, असे माझे मन म्हणते. आणि माझ्या वर्गातले पोर असते तर मी काय केले असते, असे विचारले की तेच मन गप्प बसते. या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. पण एवढे खात्रीने सांगता येते की ज्याला ‘मैदानावर तुझे हृदय बंद पडेल’ असे सांगितले गेले आणि तरी जो गोलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, त्याच्याविषयी काळजाची भाषा चहाच्या गाड्यावर बसून करू नये.

मग चाहत्याला काहीच अधिकार नाही का? आहे तर! तो तिकीट काढतो, रात्री जागतो, उपाशी राहतो, हरल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याच्या प्रेमावाचून हा खेळ म्हणजे बावीस माणसांचा व्यायाम. त्या प्रेमाने त्याला दुःखाचा हक्क मिळतो. तो रागावू शकतो, कपाळावर हात मारू शकतो, दोन दिवस वर्तमानपत्र उघडायचे नाही असे ठरवू शकतो. पण दुःखाचा हक्क निराळा आणि निकालाचा हक्क निराळा. निकाल द्यायचा तर पुरावा पाहावा लागतो, आणि आपण पाहिलेला असतो फक्त एक क्षण. त्या पोराने त्याच सामन्यात, त्याच पायाने, किती चेंडू बाहेर घालवले ते आपण पाहिलेले असते, पण ध्यानात ठेवलेले नसते. दुःख आणि निकाल यांची सरमिसळ झाली की काय होते, ते १९९४ साली साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतल्या विश्वचषकात २२ जूनला कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या बॅकने आडवा आलेला चेंडू अडवायला पाय घातला आणि तो स्वतःच्याच जाळ्यात गेला. दहाच दिवसांनी, २ जुलैला, मेदेयीन शहरात, स्वतःच्या गावात, त्याला गोळ्या घालून मारले. तो सत्तावीस वर्षांचा होता. गोळी झाडणारे हात थोडे असतात, हे खरे. पण ‘काढून टाका त्याला’ असे हजार तोंडांनी म्हटले जाते, तेव्हा त्या थोड्या हातांना आपण एकटे आहोत असे वाटत नाही.

बंगळुरूच्या त्या रात्रीची पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक नसते. त्या सामन्यात भारताच्या मुख्य प्रशिक्षकाला लाल कार्ड मिळून बाहेर जावे लागले होते. चार दिवसांनी, १ जुलैला, लेबनॉनशी उपांत्य सामना होता तेव्हा बाजूला उभा होता साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी. गोव्याचा माणूस, आणि तोही बॅकच. विशीच्या आसपास भारताच्या संघात आलेला, पुढे वर्षानुवर्षे मागची फळी सांभाळलेला. न झालेल्या गोलांची किंमत त्याला कोणी शिकवायला नको होती. अन्वर संघात होता. एकशे वीस मिनिटांत गोल झाला नाही, आणि पेनल्टीची वेळ आली. ज्या पोराच्या पायाने चार रात्रींपूर्वी विजय घालवला होता, त्याला ठेवणीत न ठेवता पेनल्टी मारायला पाठवण्यात आले. त्याने ती जाळ्यात घातली. भारत चार-दोनने जिंकला, आणि ४ जुलैला त्याच कुवेतला हरवून चषकही घेतला. अंतिम विजयाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला मात्र राहून राहून ती पेनल्टी घ्यायला चाललेल्या पोराची चाल आठवते. मधल्या वर्तुळापासून ठिपक्यापर्यंतचे ते अंतर फारसे नाही, पण किती लांब वाटले असेल!

यानंतर दोन-अडीच महिन्यांनी आमच्या शाळेतली मुले तालुक्याच्या स्पर्धेला गेली. फुटबॉलचा संघ जेमतेम अकरा जणांचा. त्यातल्या मागे खेळणाऱ्या एका मुलाच्या पायाला लागून असाच एक गोल झाला आणि आम्ही हरलो. तो मुलगा चौथ्या दिवसापासून मैदानावर येईनासा झाला. वर्गात त्याचे नाव ‘सेल्फ’ पडले होते. पोरे क्रूर नसतात, ती फक्त चहाच्या गाड्यावरची भाषा लवकर उचलतात. मी कोणाला रागे भरलो नाही आणि उपदेशही केला नाही. उपदेशाचा तास मुलांना ओळखू येतो आणि त्या तासाला ती झोपतात. मी त्यांना घरचा अभ्यास दिला. येत्या रविवारी मोबाइलवर कोणताही सामना लावायचा, एक बॅक निवडायचा, आणि दहा मिनिटे चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघायचे. तो काय काय करतो ते वहीत लिहायचे, आणि त्याला दहांपैकी गुण द्यायचे.

सोमवारी वह्या आल्या. पुष्कळांनी दोन-तीन ओळींत उरकले होते. एकाने गोलरक्षकाविषयीच लिहिले होते. ‘सेल्फ’ हे नाव ज्याने पाडले होते त्या पोराने मात्र पान भरून लिहिले होते. त्याचा बॅक दहा मिनिटांत चेंडूला दोनदाच शिवला होता. बाकीचा वेळ तो डावीकडे सरकत होता, हाताने कोणाला तरी मागे बोलावीत होता, एका उंच खेळाडूच्या अंगाला अंग लावून उभा होता, मान वळवून वळवून पाठीमागे बघत होता, आणि त्या उंच खेळाडूकडे चेंडू एकदाही आला नाही. खाली गुणांची जागा रिकामी होती. ती रिकामी का, असे विचारले तर पोरगा उभा राहून म्हणाला, “सर, चेंडू तिकडं आलाच नाही, ते त्याच्यामुळं का आपोआप? ते कळल्याबिगर मार्क कसं द्यायचं?”